ईटीपीची (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची) टाकी साफ करायला चौघं आहेत, कोणाला कुठे ठेवू?

बुटीबोरीच्या युनिटमधली चार मीटर खोल टाकी, माणसं चार, असा तुमचा प्रश्न आहे. मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यात जाणता माणूस वर, मॅनहोलपाशी ठेवला असता. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होतं. जाणते खाली उतरतात आणि वर ‘लक्ष ठेवायला’ नवा हेल्पर असतो. खालचा कोसळला की तो पोरगा घाबरून मागोमाग उतरतो आणि एकाऐवजी दोघं जातात.

वरच्याला दुसरं कोणतंच काम देऊ नका, बादली ओढायचंही नाही. आत कोण आहे ते त्याला ठाऊक हवं, थोड्या थोड्या वेळाने त्याने हाक द्यायची आणि उत्तर आलं नाही की ओढायला सांगायचं. ‘बाहेर या’ हा त्याचा शब्द मॅनेजरनेही मोडायचा नाही. परमिटवर (टाकीत उतरण्याच्या लेखी परवानगीवर) तसं लिहून घ्या. त्याला लघवीला जायचं असेल तर आधी आतला बाहेर येईल.

दुसरा ट्रायपॉडच्या (मॅनहोलवरच्या तिपाईच्या) विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या चरकावर. तिसरा आत, एकटाच, फुल बॉडी हार्नेसच्या पाठीवरच्या कड्याला विंचची दोरी लावून. चौथा ब्लोअर (आत हवा सोडणारा पंखा), कुलूप लावलेले व्हॉल्व्ह आणि 112 ला फोन सांभाळेल.

उतरण्याआधी सक्शन टँकरने निघेल तेवढा गाळ काढा. मग मीटरला नळी लावून वर, मध्ये आणि तळाशी गॅस मोजा. ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के, ज्वलनशील वायू एलईएलच्या (हवेत पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) 10 टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमखाली (दहा लाख भागांत 10). ऑक्सिजनचा आकडा आधी बघा, कारण तो फार कमी असेल तर ज्वलनशील वायूचा सेन्सर खोटा, कमी आकडा दाखवतो. नळीचं टोक गाळात बुडालं तर मीटरचा पंप पाणी ओढून बंद पडतो, म्हणून ते गाळाच्या जरा वर धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. नाकावर भरवसा नको. हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या आसपास गेला की त्याचा सडक्या अंड्याचा वास येणंच बंद होतं.

आकडे चांगले आले तरी खालच्याच्या छातीवर मीटर चालूच हवा. गाळात फावडं घातलं की दबलेला गॅस एकदम सुटतो. ब्लोअरचा डक्ट तळापर्यंत सोडा, आणि ब्लोअर डीजी सेटपासून (डिझेल जनरेटरपासून) लांब ठेवा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड तुम्हीच आत भराल. दिवा 24 व्होल्टचा, फ्लेमप्रूफ (बाहेरचा गॅस न पेटवणारा).

नागपूरचा मे असेल तर सकाळी लवकर सुरू करा आणि तिसरा-चौथा आलटून पालटून उतरू द्या. वरचा मात्र बदलू नका.

आदल्या दिवशी साधारण 70 किलोची वाळूची गोणी हार्नेसमध्ये बांधून तळातून वर काढून बघा, घड्याळ लावून. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चारेक मिनिटांत इजा सुरू होते. गोणी दोन मिनिटांत बाहेर येत नसेल तर माणूस उतरवू नका, आधी विंच किंवा मॅनहोलचं काय अडतंय ते सोडवा.