मैदानातले महाराज

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

महानाट्यात तुला शिवाजी महाराजांची भूमिका मिळाल्याचे पत्रातून कळले. आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. कारण आरशासमोर डोळे वटारण्याचा सराव चालू असल्याचे तू त्याच पत्रात लिहिले आहेस. तो सराव आजच थांबव.

सुरतेच्या इंग्रज वखारीतील पाद्री एस्कॅलियट याने १६६४ साली, सुरतेच्या लुटीनंतर लिहिलेल्या पत्रात, महाराजांना पाहिलेल्या माणसांच्या सांगण्यावरून त्यांचे वर्णन केले आहे: बेताची उंची, ताठ आणि प्रमाणबद्ध बांधा, चपळ हालचाल, तीक्ष्ण नजर, आणि बोलताना जणू हसत असल्याचा भास. शहर लुटले जात असताना धास्तावलेल्या परक्यांच्या लक्षात राहिले ते हे हसू. आपल्या महानाट्यांतल्या साऱ्या गर्जनांपेक्षा मला त्याचाच धाक अधिक वाटतो.

शिवाय मैदानात चेहरा दिसतो तरी कितीजणांना? पहिल्या काही रांगांपलीकडे भुवई पोहोचत नाही. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’प्रमाणेच अनेक महानाट्यांत संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात, म्हणजे आवाजही त्या क्षणी तुझा नसतो, तुझ्या हाती उरतात मान, खांदे, हात आणि चाल. नवखा नट कर्ण्यातून शब्द येण्याची वाट पाहतो आणि त्याचा हात शब्दामागून फरफटत येतो. म्हणून केवळ स्वतःचेच नव्हे, तर समोरच्याचेही संवाद श्वासांसकट पाठ कर. रायगडच्या नगारखान्यातला शब्द सिंहासनाच्या जागेपर्यंत ऐकू जातो, असे बांधकाम आपल्या मैदानांच्या नशिबी नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचाजवळच्या कर्ण्यापासून शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला तुझा हात आधी दिसतो आणि शब्द जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाने ऐकू येतो. तेव्हा उचललेला हात लगेच खाली आणू नकोस. शब्द त्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेतो तो तसाच धरून ठेव.

आता घोडा. १६७४ च्या राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडनला, रायगडाच्या त्या अवघड वाटेने हत्ती वर आणले कसे, याचे नवल वाटले होते. आपल्याला सपाट मैदानावर एक घोडा आवरत नाही. माझ्या पहिल्याच प्रयोगात घोडा तुतारी ऐकून गर्रकन फिरला आणि महाराजांचे आगमन पाठमोरे झाले. तुतारी, फटाके आणि प्रखर दिवे यांची सवय घोड्याला तालमीतच लाव, आणि घोडा सांभाळणारा मोतद्दार सांगेल ते दिग्दर्शकाच्या सूचनेइतकेच गांभीर्याने ऐक.

प्रयोग संपल्यावर लोक पाया पडायला येतील, त्यांत तुझ्या आजोबांच्या वयाची माणसेही असतील. तो नमस्कार जिरेटोपाला असतो. रंगपटात जाऊन आधी तो उतरव, कपाळावरचे गंध पूस, मग बाहेर येऊन हवे तितके बोल. आणि त्या वेषात हातात मोबाइल घेऊन फिरताना मला दिसू नकोस.

रविवारी सकाळी घरी ये. संवाद पाठ झाले नसले तरी हरकत नाही, प्रयोगात घालणार ते जोडे मात्र घेऊन ये. मला आधी तुझी चाल पाहायची आहे.