दूध दिसायला चांगलं, तरी तपासणीत दुधातल्या पेशींची (सोमॅटिक सेल, मुख्यतः पांढऱ्या पेशी) संख्या जास्त येते. कोणती गाय, कसं ओळखायचं?

हा बहुतेक सुप्त कासदाह. दुधात गाठी नाहीत, कास सुजलेली नाही, म्हणून नजरेला काहीच कळत नाही. एका गाईच्या दुधात मिलिलिटरला 2 लाखांहून जास्त पेशी असतील तर संसर्ग धरूनच चालावं.

सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, गोठ्यातच करायची कासदाहाची चाचणी) करा. पहिल्या धारा टाकून द्या, मग चार खणांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचं साधारण 2 मिली दूध आणि तेवढंच सीएमटीचं द्रावण घ्या. 10 सेकंद गोल फिरवा आणि लगेच बघा. दूध जेलीसारखं घट्ट झालं तर तो सड बाधित. व्याल्यानंतरचा पहिला आठवडा आणि आटत आलेली गाय यांत ही चाचणी फसवते.

सापडलेल्या गाई शेवटी पिळा, पहिलारू आधी. जंतू बहुधा हात, फडकं आणि मशीनच्या लायनरमधून (सडावर बसणारी रबरी नळी) पसरतात, त्यामुळे एकच फडकं सगळ्या गाईंना वापरणं ही सर्वांत महागडी काटकसर. धार संपताच सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा (नुसतं फवारल्याने मागची बाजू कोरडी राहते) आणि गव्हाणीत ताजा चारा टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो, तोवर गाय बसू नये.

प्रतिजैविक अंदाजाने नको. आधी दुधाचं कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखणं). स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला तर दुधावर असताना उपचार फारसे लागू पडत नाहीत. आटवताना पशुवैद्यकाकडून सडात औषध सोडून घेणं जास्त फायद्याचं.