विंचू कुठल्या कपाटात सापडतो?

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

विंचूदंशावर थिसिस करतेस, झकास. पण सिनॉप्सिसमधले, म्हणजे थिसिसच्या आराखड्यातले, सगळे संदर्भ गेल्या चार-पाच वर्षांतले, तेही गूगलच्या पहिल्या पानावरचे दिसतात. लायब्ररीत तू रोज जातेस, पण रीडिंग हॉलमध्ये, स्वतःचीच पुस्तकं घेऊन. आता जरा आत, कपाटांपाशी जा.

आपल्याकडे पुस्तकांची मांडणी ड्युईची, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा. वैद्यक 610पासून सुरू होतं. पण विंचू एका जागी मिळायचा नाही: विषशास्त्र 615.9ला, हृदयावरचे परिणाम 616.1ला, न्यायवैद्यक 614.1ला. आरोग्य विज्ञान विद्यापीठात आयुर्वेदही येतो, तेव्हा सुश्रुतसंहितेचं कल्पस्थानही काढ. मंदविष, मध्यविष, महाविष असे विंचवांचे प्रकार तिथे दिलेत. त्यावरून डोस ठरवायचा नाही, हे सांगायला नको. पण लोक या दुखण्याकडे कधीपासून बघताहेत, ते तुझ्या रिव्ह्यूमध्ये यायला हवं.

मग बाउंड व्हॉल्यूम, म्हणजे जर्नलांचे बांधून ठेवलेले जुने अंक. 1982च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा लाल विंचवाच्या दंशावरचा पेपर आहे. तो पूर्ण वाच, सारांशावर भागवू नकोस. कोकणातल्या रुग्णांच्या खाटेशी बसून टिपलेली लक्षणं आहेत ती. पुढे प्राझोसिन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधावरचं काम आलं, आणि 2011 साली ‘बीएमजे’मध्ये प्रतिविष अधिक प्राझोसिन विरुद्ध नुसतं प्राझोसिन अशी चाचणी. हे सगळे पेपर शेजारी ठेवून वाचलेस की तुझा प्रश्न आपोआप धारदार होईल. सध्या तो फार पसरट आहे, रागावू नकोस.

पबमेड या वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर नुसतं ‘स्कॉर्पियन’ टाकलंस तर प्राणिशास्त्राचा ढीग अंगावर येईल. ‘मेश’ या तिथल्या ठरावीक विषयशीर्षकांच्या यादीतून ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ हे शीर्षक घे. शिवाय आपल्या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव बदलत गेलंय: आधी ब्यूथस टॅम्युलस, मग मेसोब्यूथस, आता हॉटेनटोटा. तिन्ही नावं ‘ऑर’ने जोड, नाहीतर जुनं भारतीय काम निसटेल, आणि व्हायवाला परीक्षक नेमकं तेच विचारतील.

पूर्ण पेपर मिळत नाही म्हणून स्वतःच्या खिशातून पैसे भरू नकोस. 1 जानेवारी 2025पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स सरकारी कॉलेजांना खुली झालीत. लॉगिनचं काय ते ग्रंथपालांना विचार. त्यांच्याकडे फक्त नो-ड्यूजच्या सहीसाठी जायचं, ही आपल्या पीजींची जुनी खोड. शोध कसा लावायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

फाइल एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी सुधारलेला सिनॉप्सिस मला दाखव. संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीने, म्हणजे क्रमांक देऊन, लाव, आणि कुठल्या तारखेला काय शब्द टाकून शोधलंस, तेही वेगळ्या कागदावर लिहून आण.

तुझे,
सर