पद्मिनीच्या दाराचं रबर

प्रश्न : वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. उन्हाळाभर पत्र्याच्या शेडखाली उभी असते. दारांचं रबर कडक होऊन तडकलंय आणि पावसात पुढच्या सीटखाली पाणी साचतं. मेकॅनिक म्हणतो, डिझेल चोळा, रबर मऊ पडेल. पुढच्या काचेला सिलिकॉनची ट्यूब मारली तर चालेल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, तो डिझेलचा बोळा आधी फेकून द्या. डिझेल मारून गाडी चमकवायची ही आपल्याकडची जुनी खोड. रबर चार दिवस काळंभोर दिसतं, मग डिझेल आत मुरून ते फुगतं आणि खाचेतून बाहेर यायला लागतं. साधं ग्रीस, रॉकेल यांचंही तेच.

आता दार उघडा आणि रबर चिमटीत धरून दुमडा. बोटाला नुसती काळी भुकटी लागली, पण नखाची खूण लगेच भरून आली, तर त्यात जीव आहे. साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि सिलिकॉन ग्रीस नाहीतर मेडिकलमधलं ग्लिसरीन पातळ चोळा. एकदा होळीच्या सुमारास, एकदा पावसाआधी. आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी असते, तेव्हा एवढं हवंच. पण दुमडल्यावर भेगा उघडत असतील तर ते रबर गेलं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते आतपर्यंत खाल्लेलं असतं, वरून काहीही चोळा. तुमचं वर्णन ऐकता दारांचं रबर बदलावंच लागेल.

जुन्याचा दोन इंच तुकडा कापून दुकानात सोबत न्या, कापलेल्या टोकाचा आकार जुळवा. ‘कंपनीचं ओरिजिनल, पॅकबंद’ याला भुलू नका. पद्मिनी बंद होऊन पाव शतक होत आलं, आणि रबर पिशवीत पडून सुद्धा कडक होतं. जुना तुकडा पार चपटा झाला असेल तर फट मोजा. कणकेच्या गोळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चौकटीवर ठिकठिकाणी चिकटवा, दार लावा, उघडा. दबलेल्या कणकेची जाडी म्हणजे तिथली फट. बिजागरीकडे एक, कुलपाकडे दुसरी निघाली तर आधी दार लायनीत आणा. दार लागल्यावर साधारण तिसरा हिस्सा दबेल असं रबर घ्या. त्याहून जाड घेतलं की दर वेळी दार आपटावं लागतं, आणि जुन्या बिजागऱ्यांना ते सोसत नाही.

जुनं रबर काढलं की खाली गंज दिसेलच. खरं काम ते. तारेच्या ब्रशने घासा, प्रायमर मारा, रंग द्या, पुरतं वाळू द्या आणि मगच रबर चिकटवायचं सोल्यूशन लावा. रबर ताणून बसवू नका, पुढे ते आखडतं आणि जोड उघडा पडतो. जोड दाराच्या खालच्या बाजूला घ्या, टोकं किंचित दाबून भिडवा.

पाणी दारातूनच येतंय हे मात्र आधी ठरवा. एकाने बाहेरून नळी धरायची, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती काळ्या मातीने हमखास बुजलेली असतात. काडीने मोकळी करा, कधीकधी एवढ्यानेच भागतं.

काचेचं रबरही गेलं असेल तर नवीन रबर अर्धा तास उन्हात तापवा. काचेवर चढवून, चौकटीवर बसणाऱ्या खाचेत सगळीकडून सुतळी घाला, साबणाचं पाणी लावा. एकाने बाहेरून तळहाताने काच दाबायची, दुसऱ्याने आतून सुतळी ओढत रबराची कड चौकटीवर आणायची. पाना-पेचकस जवळ आणू नका. काच टफन्ड असेल तर कडेला ठोका बसताच चुरा होईल.

आता ती ट्यूब. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन पत्र्याला गंज चढवतं, आणि पुढे त्या जागी रंगही धरत नाही. रबर चांगलं असून फटीतून पाणी झिरपत असेल तर काचेच्या रबराखाली भरायचं न सुकणारं काळं मॅस्टिक मिळतं. रबराची कड लाकडी पट्टीने हलकेच उचलून ते भरा, बाहेर आलेलं फडक्याने पुसून घ्या.