वाचक विचारतात : अकराव्या मजल्यावरून खाडी

प्रश्न : गोदीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. शिवडीला अकराव्या मजल्यावर राहतो. गॅलरी पूर्वेला, समोर खाडी. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, पण नुसते गुलाबी ठिपके दिसतात. जावई म्हणतात २०×८० घ्या, फोर्टमधला दुकानदार म्हणाला १०×५० पुरे, आणि मोबाइलवर तर ६० पटीची दुर्बीण दोन हजारांत दिसते. गुडघ्यांमुळे बाहेर जाणं होत नाही. चष्मा आहे. सगळं धरून १५ हजार खर्च करू शकतो. जास्तीत जास्त पॉवरची कोणती घेऊ? – एक वाचक, शिवडी

उत्तर : हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो आणि मी १०×५० असं लिहून मोकळी होते. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींपाशी मात्र हात थांबला : गुडघे आणि गॅलरी.

आधी ती ६० पटवाली निकालात काढू. दुर्बिणीवरचा पहिला आकडा किती पट जवळ दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. या स्वस्त दुर्बिणींवर ६०×६० छापलेलं असतं. शाळेची पट्टी घेऊन पुढची काच मोजा, सहा सेंटिमीटरच्या जवळपासही भरत नाही. भिंगांवर लालभडक लेप असेल तर दुकानात पट्टीसुद्धा काढू नका. झूमवालीच्याही नादी लागू नका. माझी पहिली तीच होती, १० ते ३० पट. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून ३० पटीला पाहिलं की गोलंदाज दुधी काचेपलीकडून धावत येतोय असं वाटायचं, आणि माझ्या हाताच्या थरथरीनं फलंदाजही नाचायचा.

त्या थरथरीमुळेच १०×५० चा सल्ला दिला जातो. दुर्बीण चित्र जितकं मोठं करते तितकाच हाताचा कंपही मोठा करते. दहा पटीपर्यंत माणूस निभावून नेतो, पुढे नाही. पण तुम्हाला दुर्बीण गळ्यात घालून भांडुपच्या पाणथळीत हिंडायचंच नाहीये. तुम्ही एका खुर्चीत बसणार, दुर्बीण एका ट्रायपॉडवर बसणार. म्हणून तुम्हाला मी १५×७० सांगते.

हिशेब असा. पक्षी ७०० मीटरवर असतील तर दहा पटीनं ते ७० मीटरवर आल्यासारखे दिसतात, पंधरा पटीनं ४७ मीटरवर. एवढ्या फरकात चोचीचा बाक दिसू लागतो, आणि छोटा रोहित (म्हणजे फ्लेमिंगो) कोणता, मोठा कोणता हे ओळखता येतं : छोट्याची चोच गडद, मोठ्याची फिकट गुलाबी, टोकाला काळी. तीन किलोमीटरवरचं जहाज २०० मीटरवर येतं. ते कसलं जहाज हे तुम्ही मला शिकवाल.

आता उजेडाचं. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. ७० भागिले १५ म्हणजे ४.७ मिलिमीटर, इतक्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. आपल्या वयात अंधारातही बाहुली साधारण पाच मिलिमीटरच्या पलीकडे फारशी उघडत नाही, म्हणजे जवळजवळ सगळा उजेड कामी येतो. २०×८० चा झोतही चांगला, चार मिलिमीटरचा. माझी तक्रार तिच्या वजनाबद्दल आहे. ती दोन किलोच्या वर जाते, साधा ट्रायपॉड मान टाकतो, आणि चांगला ट्रायपॉड घ्यायचा तर तुमचे १५ हजार तिथेच संपतात. जावयांना सांगा, विचार बरोबर होता, खांदा कमी पडला.

सेलेस्ट्रॉनची स्कायमास्टर १५×७० पाहा. वजन सुमारे १.४ किलो. ट्रायपॉडसाठी तीन हजार बाजूला काढून उरलेल्या पैशांत घासाघीस करा. सवलतीच्या दिवसांत जमू शकतं. डोळा काचेपासून १८ मिलिमीटर दूर असला तरी पूर्ण चित्र दिसतं, त्यामुळे चष्मा काढावा लागत नाही, रबरी कडा दुमडायची फक्त. एक गोष्ट आधीच सांगते : १३ मीटरच्या आतलं हिला दिसत नाही. कठड्यावरचा कावळा धूसरच राहणार.

घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटकडे बघून घेऊ नका. जावयांना घेऊन टॅक्सीनं डी. एन. रोडला जा, दुकानदाराला दुर्बीण फुटपाथवर आणायला लावा आणि सीएसएमटीच्या मोठ्या घुमटावर रोखा. वर उभ्या असलेल्या बाईच्या हातात मशाल आहे. मशाल एकच दिसली पाहिजे. दोन दिसल्या, किंवा पाहून झाल्यावर डोळ्यांना ताण जाणवला, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. तो नग परत द्या, दुसरा मागा. मोठ्या दुर्बिणींत हा दोष बराच आढळतो आणि घरी दुरुस्त होत नाही. मग दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या काचेतला उजेडाचा ठिपका बघा. पूर्ण गोल असेल तर आतलं प्रिझम, म्हणजे उजेड वळवणारी काच, बाक-४ या चांगल्या प्रतीच्या काचेचं. कडा करड्या, चौकोनी झाल्या असतील तर हलक्या काचेचं.

आता घरची व्यवस्था. सरकत्या काचेतून कधीच पाहू नका, ती उघडा. ग्रिलच्या गजांच्या मधून पाहिलंत तर गज दिसणार नाहीत, पण उजेड खातील, म्हणून गज मोठ्या भिंगांसमोर येणार नाहीत अशी जागा शोधा. शेजारी एसीचं बाहेरचं यंत्र असेल तर त्याच्या गरम झोतापासून लांब बसा. दुपारी चिखलावरची हवा इतकी थरथरते की पंधरा काय, पन्नास पटही व्यर्थ. सकाळी हवा शांत असते, पण सूर्य तुमच्या समोर, पक्षी काळे. म्हणून चारनंतर बसा, ऊन तुमच्या पाठीकडून पक्ष्यांवर पडतं. त्यातही भरती कधी आहे ते पाहा. ओहोटीत पाण्यामागून पक्षी दूर जातात, भरती चढू लागली की तेच पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलतं. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास साधा. वेळापत्रक गोदीतल्या माणसाला मी काय सांगणार.

दोन सूचना, दोन्ही मुंबईच्या. पूर्वेची गॅलरी, त्यामुळे सूर्य वर आल्यावर दुर्बीण झाकून ठेवा. चुकून एकदा जरी त्यातून सूर्य पाहिला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि घरात नातवंडं असतीलच. दुसरी अशी, की समोरच्या इमारतीतल्यांना दुर्बिणीचा रोख कुठे आहे हे कळत नाही. आमच्याकडे सेक्रेटरीपर्यंत तक्रार गेली होती. शेवटी मी तक्रार करणाऱ्या बाईंनाच चहाला बोलावून चंद्र दाखवला. आता त्या पौर्णिमेला स्वतःच येतात, येताना शेव घेऊन.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या दुर्बिणीत आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं. घरी उघडून पुसू का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : नका उघडू. ती बुरशी आहे, मुंबईच्या चार पावसाळ्यांची देणगी. पुसाल तर नळ्यांची रेषा बिघडेल, आणि बुरशीनं भिंगावरचा लेप खाल्ला असेल तर पुसूनही डाग राहतील. जाणत्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. तोवर चामड्याच्या पेटीतून बाहेर काढा, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून वापर. इतर दुर्बिणींपासून लांब ठेवा.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलीला शनीची कडी बघायची आहेत. १०×५० मध्ये दिसतील का? – एक आई, मुलुंड

उत्तर : नाही. गॅलिलिओच्या दुर्बिणीची ताकद सुमारे २० पट होती. १६१० च्या जानेवारीत तिच्यातून त्याला गुरूचे चार चंद्र दिसले, पण त्याच वर्षी शनी पाहिला तेव्हा दोन्ही बाजूंना कान असल्यासारखं काहीतरी दिसलं आणि तो बुचकळ्यात पडला. कड्यांसाठी निदान ३० पट आणि घट्ट बसवलेली दुर्बीण हवी. पण १०×५० वाया गेली असं समजू नका. कोपर कठड्यावर टेकवून तिच्यातून गुरू दाखवा. मग तिला कागद-पेन्सिल द्या, गुरूच्या कोणत्या बाजूला किती ठिपके आहेत ते काढायला सांगा, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा काढायला सांगा. ठिपके जागा बदलतात. का, ते लगेच सांगू नका.