दोनदा ब्रश करूनही तोंडाला वास का येतो?

तुमचा प्रश्न असा आहे: रोज दोनदा ब्रश करता, माउथवॉशही वापरता, तरी दुपार व्हायच्या आत तोंडाला वास येऊ लागतो. पोट साफ होत नसल्यामुळे असेल का?

पोटाचा विचार आधी बाजूला ठेवा. दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत वासाचं मूळ तोंडातच सापडतं. अन्ननलिकेचं खालचं तोंड एरवी मिटलेलं असतं, त्यामुळे ढेकर येते तेवढा क्षण वगळता पोटातली हवा वर येत नाही. छातीत जळजळ होत असेल, आंबट पाणी घशाशी येत असेल तर त्यावर उपचार जरूर घ्या. पण कितीतरी माणसं महिनोन्‌महिने पोटाची औषधं घेत राहतात आणि स्वतःच्या जिभेचा मागचा भाग एकदाही आरशात बघत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तोंडात हवा पोचत नाही अशा सांदीकोपऱ्यांत राहणारे जीवाणू अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी आणि लाळेतली प्रथिनं कुजवतात. त्यातून गंधकयुक्त वायू सुटतात. हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, मिथाइल मर्कॅप्टनला सडक्या कोबीसारखा. या जीवाणूंच्या आवडीच्या जागा तीन: जिभेचा मागचा खडबडीत भाग, दातांमधल्या फटी आणि हिरडी सुटून झालेले खिसे. ब्रश यातल्या एकाही जागी नीट पोचत नाही. तुम्ही दोनदा ब्रश करूनही फरक पडत नाही तो म्हणूनच.

तेव्हा वास कुठून येतो ते आधी शोधा. तोंडासमोर ओंजळ धरून हुंगण्यात अर्थ नाही, कारण आपल्या वासाला आपलं नाक सरावलेलं असतं. त्याऐवजी प्लास्टिकचा छोटा चमचा जिभेच्या अगदी मागच्या भागावरून हलकेच ओढा. त्यावर पांढरट-पिवळा चिकट थर येईल. पाच-दहा सेकंद थांबून तो हुंगा. मग डेंटल फ्लॉसचा दोरा वरच्या-खालच्या मागच्या दाढांमधून फिरवा आणि प्रत्येक फटीनंतर दोऱ्याचा वास घ्या. एखाद्याच फटीतून काढलेल्या दोऱ्याला घाण वास आला तर तिथे कीड, सैल झालेली कॅप किंवा हिरडीतला खिसा असण्याची शक्यता मोठी. दंतवैद्याला नेमकी तीच जागा दाखवा. एरवीही घरातल्या विश्वासातल्या माणसाला सरळ विचारावं. त्याच्याइतकं खरं उत्तर कुठलीच चाचणी देत नाही.

चमच्याला वास आला तर काम जिभेचं आहे. इथे बहुतेकांची चूक ठरलेली: जिभेचा पुढचा, मुळात स्वच्छ असलेला भाग जोरजोरात घासायचा आणि मागे जायचं नाही, कारण उमासे येतात. जीभ शक्य तितकी बाहेर काढा, टंग क्लीनर जमेल तेवढा मागे टेकवा, श्वास सोडत किंवा क्षणभर रोखून पुढे ओढा. प्रत्येक वेळी तो पाण्याखाली धुवा. चार-पाच वेळा पुरे, दाब हलकाच. रक्त आलं किंवा जीभ चुरचुरली तर जोर जास्त होतोय. पहिल्या दिवशी मध्यापर्यंतच जमलं तरी चालेल, रोज थोडं मागे सरका; आठवड्याभरात उमासे बरेच कमी होतात. सकाळी हे कराच, आणि जमलं तर रात्रीही. नाकातला शेंबूड घशात उतरत असेल तर तो जिभेच्या मागच्या बाजूलाच साचतो, मग कितीही खरवडलं तरी थर परत येतो. तिथे नाकावरच उपचार हवेत.

फटींसाठी रात्री झोपण्यापूर्वी एकदा फ्लॉस. दोरा दाताला इंग्रजी ‘सी’सारखा लपेटून हिरडीच्या किंचित खाली न्यायचा आणि वर ओढायचा. फटी मोठ्या असतील तर बारीक इंटरडेंटल ब्रश जास्त चांगला. रक्त येतं म्हणून लोक नेमकं तिथलं घासणं सोडतात, आणि सूज वाढत जाते. साध्या हिरडीसुजेत नीट सफाई चालू ठेवली की एक-दोन आठवड्यांत रक्त थांबायला लागतं. नाही थांबलं तर हिरडीखाली किटण साचलेलं असण्याची शक्यता मोठी. ते दगडासारखं घट्ट असतं, कुठल्याही पेस्टने निघत नाही, दंतवैद्याकडून खरवडून, म्हणजे स्केलिंग करूनच काढावं लागतं.

माउथवॉशबद्दल. नुसता सुगंधी माउथवॉश तासाभरापुरता वास झाकतो, आणि त्यात अल्कोहोल असेल तर तोंड कोरडं पडू शकतं. जस्त असलेला घ्या. जस्त गंधकाच्या वायूंना बांधून ठेवतं. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन हा जंतुनाशक माउथवॉश (१० मिलि, एक मिनिट, दिवसातून दोनदा) प्रभावी आहे, पण दंतवैद्याने सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको. दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. ब्रशनंतर लगेच घेतलं तर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा जोर कमी होतो, म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

दुपारी वास वाढतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून लाळेकडे लक्ष द्या. लाळ तोंड सतत धुत असते. तासन्‌तास न खाता-पिता बोलत राहणं, तोंडाने श्वास घेणं, तंबाखू, ॲलर्जीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या, या सगळ्यांनी तोंड कोरडं पडतं. घोटघोट पाणी प्या, जेवणानंतर साखर नसलेलं च्युइंग गम दहा मिनिटं चघळा. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. कवळी असेल तर ती रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा.

लसणाचा वास मात्र वेगळा. त्यातलं एक गंधकी द्रव्य रक्तात जाऊन फुप्फुसांतून बाहेर पडतं, म्हणून ब्रशने तो जात नाही. ओसरेपर्यंत थांबावं लागतं. खाकरल्यावर तांदळाच्या दाण्याएवढे पिवळट, घाण वासाचे खडे पडत असतील तर ते टॉन्सिलमधले. कोमट मिठाच्या पाण्याने जोरात गुळण्या करा, टोकदार वस्तूने कोरू नका. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असेल तर आत काहीतरी अडकलेलं असू शकतं, लगेच डॉक्टरांकडे न्या. मधुमेह्याच्या श्वासाला फळासारखा गोडसर वास आणि सोबत उलट्या, धाप असेल तर ती तातडीची वेळ आहे.

दोन आठवडे जीभ आणि फटी मनापासून साफ करूनही वास राहिला तर दंतवैद्याकडे जा. त्या सकाळी माउथवॉश, गम, सुगंधी काहीही वापरू नका आणि आदल्या दिवशी लसूण टाळा, म्हणजे खरा वास त्यांना तपासता येईल.