चिनी अक्षर हातातही असतं

चिनी अक्षरं म्हणजे चित्रंच, मग ती मेंदूच्या उजव्या भागात वाचली जात असतील ना, असं चिनी शिकता शिकता तुम्ही विचारलंय. १९७० च्या दशकात काही संशोधकांनाही तसंच वाटत होतं. पुढे मेंदूचे स्कॅन करता यायला लागले तेव्हा दिसलं, की वाचणारा चिनी असो की फ्रेंच, डाव्या मेंदूच्या तळाशी, मागच्या बाजूला असलेला तोच पट्टा कामाला लागतो. चिनी वाचताना उजव्या बाजूची साथ जरा जास्त, एवढंच.

मुळात 'चित्र' ही कल्पनाच डोक्यातून काढा. आईसाठीचं 'मा' हे अक्षर घ्या. डावीकडे 'स्त्री', उजवीकडे 'घोडा'. घोड्यालाही 'मा'च म्हणतात, फक्त सूर वेगळा. तो घोडा तिथे निव्वळ उच्चार सांगायला आलाय. बहुतेक अक्षरं अशीच जोडलेली असतात, एक तुकडा अर्थाचा, एक ध्वनीचा. (उच्चार शतकानुशतकं बदलत गेले, त्यामुळे हा तुकडा दर वेळी नेमका उच्चार देतोच असं नाही.)

मनातल्या मनात वाचतानाही ध्वनी उमटतोच. एका प्रयोगात अक्षर वाचायचं नसतं, फक्त शाईचा रंग सांगायचा असतो. 'लाल' म्हणजे होंग. त्याच उच्चाराचं, पण अर्थ भलताच असलेलं अक्षर हिरव्या शाईत दाखवलं, तरी 'हिरवा' म्हणताना लोक अडखळतात.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाताचा भाग. मेंदू आणि वाचनाचे अभ्यासक ली हाय थान आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं, की वाचनात अडखळणाऱ्या चिनी मुलांमध्ये डाव्या कपाळामागचा एक भाग कमी सक्रिय असतो. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांत अडचण प्रामुख्याने कानाच्या वर-मागे दिसते. २००५ मध्ये त्यांनीच बीजिंगच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा वाचनाचं नातं अक्षरं गिरवण्याच्या कौशल्याशी फार घट्ट निघालं. म्हणून तुम्ही फक्त फोनवर पिनयिन (म्हणजे रोमन लिपीत लिहिलेला चिनी उच्चार) टाइप करून शिकताय, ते मला खटकतं. उच्चार टाइप केला की अक्षर समोर येतं, निवडलं की झालं. रेघांचा क्रम हातात उतरतच नाही. चीनमध्येही आता लेखणी उचलली की अक्षर आठवत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते.

रोज पाचच अक्षरं घ्या, पण क्रमाने गिरवा. अडलात तर तळहातावर बोटाने काढून बघा. चिनी माणसं तेच करतात, आणि माझीही कितीतरी विसरलेली अक्षरं दुसऱ्या-तिसऱ्या रेघेला परत आली आहेत.